लखोबा लोखंडे वर्गात: नावडत्या माणसाचं हसू का येतं?

व्यक्तिचित्रण शिकवताना आपण बहुतेक वेळा चांगली माणसंच निवडतो. शूर, प्रेमळ, कष्टाळू. मग मुलांची उत्तरंही ठरलेली येतात, 'तो खूप चांगला आहे, म्हणून मला आवडतो.' त्यापुढे गाडी जात नाही. म्हणून या वेळी मुद्दाम असा माणूस घेऊया, जो आवडूच नये, पण ज्याचं हसू मात्र आवरत नाही. तो आपल्या शेजारचाच आहे. कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, लखोबा लोखंडे.

आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' हे नाटक १९६२ साली रंगमंचावर आलं. माधव काझी नावाच्या इसमावरच्या खऱ्या खटल्याचा त्याला आधार होता. प्रभाकर पणशीकरांनी यात पाच भूमिका केल्या आणि फिरत्या रंगमंचामुळे कोर्टातून मागच्या घटनांत झटकन जाता आलं. (अत्रे स्वतः शिक्षक आणि मुख्याध्यापक होते, 'नवयुग वाचनमाला' त्यांचीच. आपल्या पेशातला माणूस!)

लखोबा विनोद सांगत नाही. त्याने फसवलेल्या बायका कोर्टात उभ्या राहून सांगतात, आणि हा निरागस चेहऱ्याने म्हणतो, तो मी नव्हेच. पुरावा जितका घट्ट, तितका याचा चेहरा भोळा. आपल्याला सगळं माहीत असतं, तरी त्याचा निगरगट्टपणा बघून हसू फुटतं.

पण त्यात दुसरंही एक हसू मिसळलेलं आहे, आणि आपल्या भागातल्या शिक्षकांनी तिथे थांबायला हवं. लखोबा बोलतो ती सीमाभागातली, कानडी हेलाची मराठी. आपल्या वर्गात कागल, गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणीकडे आजोळ असलेली मुलं असतात. एखादं मूल 'काय करालायस?' म्हणालं की बाकीची फिदीफिदी हसतात. मुलांना एवढंच दाखवून द्यावं की हाच माणूस कॅप्टन अशोक परांजपे होतो, दिवाकर दातार होतो, तेव्हा त्याची भाषा चांगली पुस्तकी असते आणि खोटं तेवढंच मोठं असतं. हेल हा त्याचा एक वेष आहे, कॅप्टनच्या गणवेषासारखाच. हसायचं तर खोटेपणाला हसा, बोलीला कशाला?

इंग्रजांकडेही असा एक नग आहे. १९८८ साली बीबीसीवर सुरू झालेल्या 'रेड ड्वार्फ' या अंतराळयानातल्या विनोदी मालिकेतला अर्नोल्ड रिमर. घमेंडखोर, भित्रा, सारखा नियमांवर बोट ठेवणारा आणि अधिकारी होण्याच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होणारा. मेल्यावर होलोग्राम होऊन, कपाळावर 'एच' अक्षर घेऊन वावरतो, तरी तोरा तोच! पण रिमर सगळ्यात जास्त फसवतो ते स्वतःला. त्यामुळे हसता हसता त्याची कीवही येते. लखोबाची येत नाही. त्याचं खोटं चालून जातं आणि त्याची किंमत दुसरंच कुणीतरी भरतं. सातवी-आठवीच्या मुलांना हा फरक विचारून बघा, छान बोलतात.

प्राथमिकच्या मुलांना मात्र हे नाटक दाखवू नये असं माझं मत आहे. फसवून केलेल्या लग्नांचा विषय त्यांच्या वयाचा नाही. मी चौथीत फक्त कोर्ट घेतलं. गुन्हा, कंपासपेटीची चोरी. आरोपी झालेला मुलगा एकदम तयारीचा. "जजसाहेब, त्या दिवशी मी शाळेतच नव्हतो. माझ्यासारखा दिसणारा दुसरा कोणीतरी असंल." वर्ग हसून लोटपोट. तक्रारदार झालेली मुलगी तीनदा म्हणाली, "पण माझी पेटी कुठाय?" कुणी ऐकलंच नाही. चौथ्यांदा ती गप्प बसली, आणि ते गप्प बसणं नाटकातलं नव्हतं.

मग वहीत लिहायला सांगितलं, आधी आरोपीविषयी, मग तक्रारदाराविषयी. आरोपीवर पाच-सहा ओळी आल्या. तक्रारदारावर बऱ्याच जणांनी फक्त तिचं नाव लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तोच खटला पुन्हा लावला. बदल एकच केला. आधी त्या मुलीने पेटीत काय काय होतं ते सगळ्यांना सांगायचं. तिने सांगितलं, मामाने जत्रेत घेतलेलं टोकयंत्र, अर्धा खोडरबर, आईने दिलेले दहा रुपये. मग आरोपी उठला आणि कालचीच वाक्यं, कालच्याच थाटात म्हणाला. काही जण हसले, पण काल इतके नाही. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मॅडम, ह्यानं दहा रुपये तरी परत द्यायला पायजेत."

मराठीच्या दोन तासिकांत हे सहज बसतं. तक्रारदाराची भूमिका मात्र वर्गातल्या बोलक्या मुलाला किंवा मुलीलाच द्या.