साठेखताचा व्यापार आणि दुसऱ्याच्या नावावरचे कर्ज

नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत येऊन वर्ष-दोन वर्षे झालेली मराठी कुटुंबे तेथे फार पूर्वी स्थिरावलेल्या कुटुंबांना हल्ली दोन प्रश्न हमखास विचारतात: पदरचे भांडवल न घालता घरांच्या व्यवहारात कमाई करता येते काय, आणि बँकेचे पूर्ण कर्ज न काढता घर घेता येते काय. दोन्ही गोष्टी शक्य आहेत; परंतु जुन्या कुटुंबांच्या मते त्या कोणत्या व्हिसावर आणि कोणत्या राज्यात शक्य आहेत, हे नफ्याचा हिशेब मांडण्यापूर्वीच पाहावे लागते.

बिनभांडवली कमाईच्या मार्गाला होलसेलिंग म्हणतात; हे नाव घाऊक व्यापाराचे असले, तरी त्यात घराची खरेदी मुळी होतच नाही. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार आणि खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष मालकी देणारा दस्त, हा महाराष्ट्रात सर्वपरिचित असलेला फरक ध्यानात घेतल्यास या धंद्याचे मर्म चटकन उमगते. कारण होलसेलर घरमालकाशी साठेखतासारखा करार करतो, थोडाबहुत विसार भरतो, आणि ठरलेल्या मुदतीत त्या करारातील आपला हक्क तिसऱ्याच खरेदीदाराला विकून मोकळा होतो. या हक्कविक्रीच्या मोबदल्याला असाइनमेंट फी म्हणतात. समजा, दुरुस्तीनंतर 3,00,000 डॉलर किंमत येईल असे एखादे घर आहे आणि दुरुस्तीला 45,000 डॉलर लागतील. घरे दुरुस्त करून विकणारे गुंतवणूकदार दुरुस्तीनंतरच्या किमतीच्या 70 टक्क्यांतून दुरुस्तीखर्च वजा करण्याचा ठोकताळा वापरतात. त्यानुसार त्यांची कमाल तयारी 1,65,000 डॉलरची होते. होलसेलरने मालकाशी 1,55,000 वर करार केला, तर मधले 10,000 डॉलर त्याचे.

मात्र अशा किमतीला घर कोण देतो, हे पाहिले की धंद्याची दुसरी बाजू दिसते. घरपट्टी थकलेली, छत गळणारे वडिलोपार्जित घर वाट्याला आलेले, किंवा हप्ते चुकल्यामुळे बँकेची जप्तीची नोटीस हाती पडलेली, अशी अडचणीतली माणसेच बहुधा या जाळ्यात सापडतात. कायदेही त्यामुळे कडक होत आहेत. इलिनॉय राज्याने 2019 मध्ये, बारा महिन्यांत एकाहून अधिक असे व्यवहार करणाऱ्याला दलालीचा परवाना आवश्यक केला. ओक्लाहोमाने 2021 मध्ये याच विषयावर स्वतंत्र कायदा केला.

परंतु नवागताच्या दृष्टीने खरा अडसर व्हिसाचा आहे. एच-वन-बी व्हिसावरील व्यक्तीला ज्या मालकाने तो व्हिसा मिळवून दिला त्याच्याकडेच काम करण्याची मुभा असते. घर विकत घेऊन ते भाड्याने देणे ही सामान्यतः गुंतवणूक मानली जाते, तर विक्रेते शोधणे, करार करणे आणि ते विकणे हे उघडउघड काम ठरण्याचा धोका असतो, आणि विनापरवाना कामाचा ठपका पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जात आडवा येऊ शकतो. कामाचा परवाना नसलेल्या एच-फोर जोडीदाराच्या नावाने धंदा दाखवण्याची पळवाटही त्यामुळे निरुपयोगी आहे. करखातेही या फीकडे धंद्याचे उत्पन्न म्हणूनच पाहते आणि आयकराखेरीज तिच्यावर 15.3 टक्के दराचा स्वयंरोजगार कर लागू शकतो.

कल्पक वित्तपुरवठा, म्हणजे बँकेच्या नेहमीच्या कर्जाला बगल देणाऱ्या योजना, यांत दोन प्रकार मुख्य आहेत. पहिल्यात मालक स्वतःच उधारी देतो आणि खरेदीदार त्यालाच व्याजासह हप्ते भरतो. करार नीट लिहिलेला असल्यास यात गैर काही नाही. दुसरा प्रकार ‘सब्जेक्ट-टू’ हा असून त्यात घर खरेदीदाराच्या नावावर होते, मात्र विक्रेत्याचे जुने कर्ज त्याच्याच नावावर तसेच राहते. याचे आकर्षण समजण्याजोगे आहे: तीस वर्षांच्या स्थिर व्याजाच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारी 2021 मध्ये 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला होता आणि ऑक्टोबर 2023 मध्ये 7.79 टक्क्यांवर पोहोचला. 4,00,000 डॉलरच्या कर्जाचा मासिक हप्ता 3 टक्क्यांनी सुमारे 1,686, तर 7 टक्क्यांनी 2,661 डॉलर होतो. तथापि बहुतेक गहाणखतांत घर विकताच सारे कर्ज एकरकमी मागण्याचा अधिकार बँकेने राखलेला असतो, आणि 1982 च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने, वारसाहक्कासारखे काही अपवाद वगळता, तो अधिकार पक्का केला आहे. बँका तो नेहमी वापरत नाहीत हे खरे. पण वापरल्यास खरेदीदाराला अल्प मुदतीत दुसरे कर्ज उभारावे लागते, आणि त्याने हप्ते थकवल्यास पत विक्रेत्याची बुडते.

सरकारी विम्याचे एफएचए कर्ज, ज्यात 3.5 टक्के रक्कम भरून घर मिळते, ते 25 मे 2025 पासून कायम रहिवासी नसलेल्यांना नव्याने मिळत नाही. अनेक जुन्या पुस्तिकांत ते घेण्याचा सल्ला अजूनही छापलेला आढळतो. त्याऐवजी फॅनी मे या संस्थेच्या नियमांतले साधे कर्ज कायदेशीर व्हिसाधारकालाही मिळू शकते, आणि खरेदीदार स्वतः राहणार असल्यास दोन ते चार बिऱ्हाडांच्या घराला 5 टक्के रक्कम भरूनही ते मिळते. एका बिऱ्हाडात राहून उरलेली भाड्याने देणे हा मार्ग संथ आहे, परंतु नवागतासाठी वरील दोहोंपेक्षा निश्चितच बरा.

राज्यानुसार करारांचे नियमही बदलतात: न्यू जर्सीत परवानाधारक दलालाने तयार केलेल्या खरेदीकरारावर सह्या झाल्यानंतर वकिलाकडून तो तपासून घेण्यासाठी कामकाजाचे तीन दिवस मिळतात. होलसेलर पुढे करतो तो करार बहुधा दलालाने तयार केलेला नसतो आणि त्यात ही सवलत असेलच असे नाही. तेव्हा तेथे वकील सहीच्या आधी गाठावा.