आज्जीचे उटणे आणि माझी इंग्रजी

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण शाळेपासून ठाऊक होती. तिचा अर्थ मात्र मला गेल्या वर्षी इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत समजला. ‘तुमच्या घरी तयार होणाऱ्या एखाद्या वस्तूची कृती इंग्रजीत सांगा,’ असा साधा प्रश्न होता. उचगावात आमच्या घरी दरवर्षी दिवाळीआधी आज्जी उटणे करते आणि चाळायला मी बसते. म्हणून मोठ्या धिटाईने मी उटणे निवडले. ‘टर्मरिक’ म्हणजे हळद, एवढे नीट जमले. पुढे नागरमोथा आला आणि माझी वाचाच बसली. ‘इट इज अ व्हेरी गुड थिंग’ एवढे म्हणून मी खाली मान घातली.

घरी आल्यावर आज्जीचा डबा उघडला, शेजारी शब्दकोश ठेवला आणि एक वही घातली. त्या वहीतला काही भाग माझ्यासारख्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

पहिला धडा वस्तूंचा. मुलतानी मातीला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात. ‘फुलर’ म्हणजे लोकरीचे कापड धुऊन, तुडवून घट्ट करणारा कारागीर. ही माती लोकरीतला तेलकटपणा शोषून घेते, म्हणून तो ती वापरत असे. जी माती लोकरीचे तेल ओढते ती चेहऱ्याचेही ओढणारच. म्हणून तेलकट त्वचेला ती मानवते, कोरड्या त्वचेला नाही. शब्दाचा इतिहास कळला की वस्तूचा गुणही कळतो, तो असा. रिठा म्हणजे ‘सोपनट’. त्याच्या ‘सॅपिंडस’ या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘भारतीय साबण’ असा आहे. नागरमोथा म्हणजे ‘नटग्रास’. आमच्या उसात कितीही खुरपले तरी न हटणारा लव्हाळा याचाच भाऊबंद निघाला! संत्र्याची साल ‘पील’, बटाट्याची ‘स्किन’ आणि झाडाची ‘बार्क’. मराठीला एक शब्द पुरतो तेथे इंग्रजीला तीन लागतात.

काही शब्द तर आपल्याच घरचे. ‘सँडल’ हा संस्कृत चंदनाचा, फारसी-अरबीतून फिरून गेलेला अवतार. वाळ्याचा ‘व्हेटिव्हर’ तमिळमधून गेला. ‘शाम्पू’ हा हिंदीतल्या ‘चाँपना’ म्हणजे अंग रगडणे यावरून आला. पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे शाम्पूची स्नानगृहे चालवून तो तिकडे रुळवला. तेव्हा त्याचा अर्थ मालिश असा होता. केस धुण्याचा अर्थ मागाहून चिकटला.

दुसरा धडा क्रियापदांचा. नावे पाठ केली तरी क्रियापदांवाचून वाक्य उभे राहत नाही. कुटणे ‘पाउंड’, दळणे ‘ग्राइंड’, चाळणे ‘सिव्ह’, भिजवणे ‘सोक’, लावणे ‘अप्लाय’, चोळणे ‘रब’, पाण्याने धुऊन काढणे ‘रिन्स’ आणि टिपून कोरडे करणे ‘पॅट ड्राय’. पण सहाणेवर चंदन ‘उगाळणे’ याला एक शब्द सापडेना. ‘दगडावर पाणी घालून घासणे’ असे लांबण लावावे लागते. ‘वस्त्रगाळ’चीही तीच गत.

तिसरा धडा त्वचेच्या तक्रारींचा. उललेले ओठ ‘चॅप्ड’, भेगाळलेल्या टाचा ‘क्रॅक्ड हील्स’, घामोळे ‘प्रिक्ली हीट’. गजकर्णाला ‘रिंगवर्म’ म्हणतात. पण ‘वर्म’ या शब्दाने फसू नये. तो किडा नव्हे, बुरशी आहे. तेथे उटण्याचे काम नाही, डॉक्टरांकडे जावे. ‘नॅचरल’ हा शब्दही असाच फसवा. बिब्बा पूर्ण नैसर्गिक; धोबी त्याने कपड्यांवर खुणा करीत, म्हणून तो ‘मार्किंग नट’. पण अंगाला लागला की उततो आणि फोड येतात. यासाठी नवी वस्तू आधी हातावर थोडी लावून पाहावी. तिला ‘पॅच टेस्ट’ म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हळदीच्या गोष्टीत आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आमच्या गावातले शेंबडे पोरही सांगेल की यात नवे काही नाही. पण परदेशातले तोंडी ज्ञान तेथे पुरावा म्हणून चालत नसे. छापील मजकूर लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने दावा लावला आणि बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत आणि उर्दू ग्रंथ होते, तसाच १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. १९९७ साली ते दावे रद्द ठरले. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभारण्यात आला, तो इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी अशा पाच भाषांत. आपल्याला ठाऊक असणे पुरत नाही. ते दुसऱ्याला कळेल अशा शब्दांत मांडता आले पाहिजे, हा त्यातला धडा.

ही हकीकत आज्जीला सांगितली, तेव्हा ती दळण पाखडत होती. म्हणाली, ‘‘हळद काय त्यांच्या परड्यात उगावली व्हय गं?’’ मग सूप खाली ठेवून म्हणाली, ‘‘माझं बी लिवून ठेव. मी गेल्यावर कुणाला इचारशील?’’

मी लिहायला बसले. वजनमापे तिला ठाऊक नाहीत. ती सांगे मूठ, मी लिही ‘हँडफुल’. ती सांगे चिमूट, मी लिही ‘पिंच’. मग तिची मूठ तागडीत मोजून वजनही मांडले. मराठी डाव्या पानावर, इंग्रजी उजव्या पानावर. शीर्षकाला मात्र मनासारखा इंग्रजी शब्द मिळाला नाही. ‘नीम’ आणि ‘शाम्पू’ जसे गेले तसे हेही जाऊ दे, असे म्हणून मी दोन्ही पानांवर ‘उटणे’ असेच लिहिले.