कड्याची वाट ओट्यावरून

पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. जगाच्या कानाकोपऱ्यातून सोळा-सतरा वर्षांची मुलं तिथे दोन वर्षं राहून शिकतात. पिरंगुट-हिंजवडीच्या कंपन्यांत काही काळासाठी आलेले परदेशी इंजिनिअर वेगळेच. यांतल्या बऱ्याच जणांना मायदेशी दोर आणि हार्नेसची सवय असते. सामान उतरवून होत नाही तोच ते विचारतात, इथे चढायला कुठे मिळेल? मी पौडचा, त्यात सुट्टीच्या दिवशी कातळावर सापडणारा. त्यामुळे हा प्रश्न फिरतफिरत माझ्या दारात येतो. अशांना डोंगरात नेताना गाठीला बांधलेल्या या सात गोष्टी.

१. कडा शोधण्याआधी गावातलं एक घर शोधावं.

माझा भाचा जर्मनीत आहे. तिथला अल्पाइन क्लब १८६९ चा, सभासद चौदा लाखांच्या वर. कार्ड काढलं की डोंगरातल्या झोपडीत मुक्कामाला सवलत मिळते. कुठल्या कड्यावर किती वाटा आहेत, कुठली किती अवघड, सगळं पुस्तकात छापलेलं असतं. महिन्याभरात त्याला तिथे चढाईचा जोडीदारही मिळाला. आपल्याकडे क्लब आहेत आणि चांगले आहेत. पण कड्याखालपर्यंतची वाट यंदा ढासळली का, टाक्यात पाणी किती उरलं, बांधावरून गेलं तर चालेल का, हे शेवटच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांनाच ठाऊक. तेव्हा आधी राम राम घालावा आणि ओट्यावर टेकावं. कडा पळून जात नाही.

२. इथला दगड ओळखून घ्यावा.

ग्रॅनाइटवर वाढलेल्या माणसाला आपला काळा पाषाण फसवतो. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून सह्याद्री झाला. कठीण थराच्या खाली मऊ, मुरमाड थर येतो, मध्येच गारगोट्यांची भोकं लागतात. पकड छान वाटते आणि हातात निघून येते. धारेवरच्या गवतावर कुणी विसंबू नये. जुन्या मेखा आणि बोल्ट चार महिन्यांच्या पावसात आतून गंजतात. वरून धडधाकट दिसले तरी सगळा भार एकाच बोल्टवर टाकायचा नाही. नवख्याला मी आधी कोळवण-हाडशीच्या रस्त्याने तिकोन्याला नेतो. तिथे दोर लागत नाही, पण उभ्या पायऱ्यांवर माणसाचा दम आणि स्वभाव दोन्ही कळतात. मग तैलबैला. हजार मीटरच्या आसपास उंचीवर एकमेकींशेजारी उभ्या ठाकलेल्या त्या दोन भिंती पाहिल्या की आल्प्स पाहून आलेलेही गप्प होतात. तिथे जायला ताम्हिणीच्या रस्त्याने भांबुर्ड्याकडे वळता येतं, किंवा लोणावळ्याकडून सालतर खिंडीने.

३. गावाला संशय आला तर राग मानू नये.

ही गोष्ट पाहुण्यांना समजावायला सर्वांत जास्त वेळ लागतो. पाठीवर बोजा घेतलेला परका माणूस डोंगराकडे बोट दाखवून काही मोजू लागला की आमच्या मुळशी तालुक्यातल्या माणसाला सातबारा आठवतो. त्याला कारण आहे. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी इथे धरण बांधायला घेतलं आणि मावळातली भाताची खाचरं पाण्याखाली जाणार हे दिसू लागलं. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह उभा राहिला. बायाबापड्या कामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. धरण झालंच. त्याचं पाणी आजही घाटाखाली भिऱ्याला उतरून वीज करतं. त्यानंतर आले बंगले, तारेची कुंपणं, प्लॉटचे दलाल. काही पिढ्यांमागे आजोळ बुडालेल्या घरात तुम्ही पाणी मागायला गेलात, तर ते आधी तांब्या पुढे करतील आणि मग विचारतील, ‘कुठल्या कंपनीचे?’

एका म्हाताऱ्या काकांनी तर माझ्यासोबतच्या मुलाला कॅमेरा बॅगेत ठेवायला लावला आणि दोर दाखवायला सांगितला. दोर हातात घेऊन पीळ पाहिला, किती वजन पेलतो ते विचारलं, विहिरीत उतरायला बरा आहे म्हणाले. एवढ्यावर संशय मिटला. पुढे वाट दाखवायला स्वतःच आले, अनवाणी. आम्ही महागड्या बुटांत मागे.

४. देव आणि मोहोळ, दोन्हींपासून अंतर राखावं.

तैलबैल्याच्या दोन भिंतींमधल्या खिंडीत भैरोबाचं ठाणं आहे. तिथे चपला-बूट काढावेत, दोराची वेटोळी देवापुढे पसरू नयेत. शेंदूर लावलेला दगड कितीही सोयीचा असला तरी पकड म्हणून धरायचा नाही. परदेशी पोरं हे चटकन ऐकतात, आपली पुण्याची पोरंच वाद घालतात. आग्या मोहोळाशी मात्र कुणी वाद घालत नाही. ओव्हरहँगखाली काळी पोळी लटकत असतील तर त्या दिवशी दुसरी बाजू धरावी. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

५. पाहुणचार कसा घ्यावा, हे आधी सांगून ठेवावं.

पाहुणा आला की कोंबडी कापली जाते. शाकाहारी असाल तर हे दोर खांद्यावर टाकण्यापूर्वी सांगायचं. उतरल्यावर सांगण्यात अर्थ नाही. पोटाच्या भीतीने पाणी नाकारलं तर घरच्यांना लागतं. त्यापेक्षा कोरा चहा मागावा, तो उकळलेला असतो. ताटात तांदळाची भाकरी, पिठलं, खर्डा आणि आंबेमोहराचा भात असला तर ‘थोडंच वाढा’ म्हणण्यात वेळ दवडू नये, कुणी ऐकत नाही. भात संपवून ताटावर हात आडवा धरावा, ही खूण सगळ्यांना कळते.

पैशांचं कोडं खरं अवघड. हल्ली बऱ्याच गावांत ताटाचा दर ठरलेला असतो. तिथे घासाघीस न करता द्यावा. जिथे दर नाही तिथे आजीच्या हातात नोट कोंबली की तिचा चेहरा पडतो, आणि नुसतं उठून गेलो तर आपला. मी पौडच्या दुकानातून चहा पावडर, साखर, तेलाची पिशवी घेऊन जातो. निघताना धाकट्याच्या हातात खाऊला काहीतरी ठेवलं की झालं. पण सगळ्यांवर ताण केली एका कोरियन मुलीने. पहिल्या खेपेला काढलेले फोटो तिने कागदावर छापून आणले. त्या घरातल्या सासूबाईंचा एकटीचा असा तो पहिलाच फोटो होता. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा आमची चौकशी नंतर झाली, ‘ती पोरगी कुठाय?’ हे आधी विचारलं गेलं.

६. कायद्याचं थोडं.

परदेशी माणसाला घरी मुक्कामाला ठेवलं तर त्याची नोंद २४ तासांत कळवावी लागते. भोळ्या यजमानाला ते माहीत नसतं, म्हणून ती काळजी पाहुण्याला नेणाऱ्याने घ्यावी किंवा दिवसाउजेडी परतावं. पोलीस पाटलांना भेटून गेलेलं बरं. परदेशात डोंगरात सर्रास वापरतात तो सॅटेलाइट मेसेंजर इथे परवान्याशिवाय बाळगता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशावर त्यापायी कारवाई झाली. कुणी पडलंच तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथकं धावून येतात, पण त्यांच्याही आधी दोर ओढायला गावच पोचतं.

७. जून ते सप्टेंबर दोर माळ्यावर.

२०२४ च्या जुलैत ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. लंडनला साधारण वर्षभरात पडतो, त्याच्या आसपास. शेवाळलेल्या कातळावर चढायचा हट्ट करू नये. दगड नीट वाळायला ऑक्टोबर सरावा लागतो. मग हे चार महिने काय करायचं, असं मुलं विचारतात. ज्या घरी हिवाळ्यात जेवलात, त्यांच्याकडे आवणाला जा, असं मी सांगतो. भातलावणीला माणसं कायम कमीच पडतात. बूट घरी ठेवायचे, नखं कापून यायचं. छत्री नको, लावणीला दोन्ही हात लागतात. अंगावर घ्यायचा प्लॅस्टिकचा कागद घरवाले देतात.