लॅपटॉपचीही बदली होते

मागच्या सुट्टीत मी लॅबमध्ये वापरतो तो लॅपटॉप घरी नेला होता. बाबांची पोस्टिंग लांब आहे. रविवारी संध्याकाळी त्यांना बोलायला अर्धा तास मिळतो. व्हिडिओ मध्येच तुटू नये म्हणून मी राउटरला केबल लावली. पडद्यावर केबल जोडल्याची खूण आली, पण एकही पान उघडेना. आई शेजारी बसून होती. मी घाईघाईने सेटिंग्ज बदलत राहिलो. शेवटी आईच्या फोनवर जेमतेम दोन मिनिटे बोलणे झाले. नंतर कारण कळले, ते अगदी साधे होते.

चूक कुठे होती?

आमच्या लॅबमध्ये प्रत्येक लॅपटॉपला ठरावीक पत्ता हाताने दिलेला असतो. समजा, तो १९२.१६८.१०.४५ आहे आणि बाहेर जायचे दार, म्हणजे गेटवे, १९२.१६८.१०.१ आहे. घरचा राउटर मात्र १९२.१६८.१.१ वर होता. म्हणजे माझा लॅपटॉप घरात बसून शाळेचे दार शोधत होता! घरी पत्ता हाताने द्यावा लागत नाही. डीएचसीपी या पद्धतीने राउटरच तो देतो.

वाय-फायला ही अडचण सहसा येत नाही, कारण प्रत्येक वाय-फायला नाव असते. लिनक्समधला नेटवर्कमॅनेजर त्या नावावरून योग्य सेटिंग निवडतो. केबलला नाव नसते. ती शाळेत लावा की घरी, लॅपटॉपला सारखीच.

उपाय : दोन प्रोफाइल

उबुंटूमध्ये असे करा :

१. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क' उघडा. 'वायर्ड'जवळच्या अधिक चिन्हावर क्लिक करून 'घर' नावाचे नवे प्रोफाइल बनवा. आयपीव्ही४ मध्ये 'ऑटोमॅटिक' ठेवा.

२. जुन्या प्रोफाइलला 'शाळा' नाव द्या. त्यातला पत्ता, नेटमास्क, गेटवे आणि डीएनएस यांना हात लावू नका. फक्त 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'वरची खूण काढा.

३. आता केबल लावली की 'घर' आपोआप निवडले जाईल. लॅबमध्ये आलात की यादीतून 'शाळा' निवडा.

तरीही नेट चालले नाही तर?

अंदाजाने बटणे दाबू नका. क्रमाने तपासा. आधी आपल्याला पत्ता मिळाला का ते पाहा. मग गेटवेला पिंग करा. मग ८.८.८.८ ला पिंग करा. शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला पिंग करा. आकड्याला उत्तर येते पण नाव सापडत नाही, असे झाले तर बहुधा डीएनएस चुकले आहे. गेटवेच उत्तर देत नसेल तर आधी पत्ता आणि केबल पाहा.

एक इशारा. लॅबमध्ये मनाने कोणताही पत्ता टाकू नका. तोच पत्ता दुसऱ्या लॅपटॉपला असेल तर दोघांचेही नेट अडखळते. पत्ता सरांना विचारूनच घ्या.

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांनी बाबांच्या बदलीबरोबर गाव आणि शाळा बदलली आहे. नव्या ठाण्यावर जुना पत्ता चालत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. लॅपटॉपलाही तोच नियम. सुट्टीला निघण्याच्या आदल्या दिवशी दहा मिनिटे काढा आणि 'घर' प्रोफाइल तयार ठेवा. पुढच्या रविवारी मी केबल लावली, आणि आई बाबांशी पूर्ण अर्धा तास बोलली.