आंबट ताक, सिरका आणि वनस्पतींवरील बुरशी

औषधी वनस्पतींचा माल खरेदी करताना "रासायनिक फवारणी नाही, फक्त आंबट ताक फवारले आहे," असे उत्तर औषधनिर्मात्यांना वारंवार ऐकावयास मिळते. त्यावर समाधान मानण्यापूर्वी या आंबटपणाचे कार्य कसे घडते, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

केवळ अम्लता बुरशीनाशक असती, तर लिंबाच्या फोडीवर बुरशी आलीच नसती. अ‍ॅस्पर्जिलस नायजर ही काळी बुरशी स्वतःच सायट्रिक आम्ल तयार करते. स्क्लेरोटिनिया तर ऑक्झॅलिक आम्ल सोडून वनस्पतीचे खोड कुजविते. अ‍ॅसेटिक आम्लाची गोष्ट निराळी. त्याचा अविघटित रेणू बुरशीचे पेशीपटल सहज ओलांडतो. आतील सामू सातच्या जवळ असल्याने तेथे त्याचे विघटन होते, आणि साचलेला आम्लभार बाहेर टाकण्यातच पेशीची शक्ती खर्ची पडते. सामू ४.७६ असता या आम्लाचे निम्मे रेणू अविघटित असतात, सामू ६.७६ झाला की शंभरात जेमतेम एक उरतो. युरोपीय संघाने २०१५ मध्ये खाद्य सिरक्यास मान्यता दिली, तीही गव्हासारख्या पिकांच्या बीजप्रक्रियेसाठी. तीव्र सिरका पानांवर पडल्यास पानेच करपतात.

ताकातील लॅक्टिक आम्लासही हाच नियम लागू आहे. ताकाचा सामू ४ असता पाचांतील सुमारे दोन रेणू अविघटित असतात. त्यात शिळे, अमोनियायुक्त गोमूत्र मिसळून सामू ७ वर नेला, तर हजारात एकही उरत नाही. ही दोन्ही द्रव्ये एकत्र फवारण्याचा प्रघात आम्हांस म्हणूनच पटत नाही.

अधिक विचार करावयास हवा तो तांब्याचा. ताक तांब्याच्या भांड्यात, किंवा तांब्याचा तुकडा टाकून, काही दिवस आंबविण्याची पद्धत शेतकऱ्यांत रूढ आहे. आम्लात तांबे विरघळते, ताकास निळसर-हिरवी छटा येते आणि बुरशी हटते. परंतु तेथे श्रेय मुख्यतः ताम्रक्षारांचे. बोर्डो मिश्रणाचे कार्यही तांब्यावरच चालते. ज्या द्रव्यास आपण शोधन-मारणाशिवाय औषधात स्थान देत नाही, तेच अशुद्ध स्वरूपात तुळस, ब्राह्मी, अडुळसा यांच्या पानांवर बसते. शिसे, पारा, आर्सेनिक व कॅडमियम यांच्या नेहमीच्या तपासणीत तांबे येतही नाही. तेव्हा माल घेताना ताक कोणत्या भांड्यात आंबविले आणि शेवटची फवारणी काढणीपूर्वी किती दिवस झाली, हे विचारावे. तांब्याचा वापर झाला असल्यास पानांची तांब्यासाठी स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.