ऐकू येते, पण समजत नाही
(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

मराठी भाषेने कानाला मोठा मान दिला आहे. आपण कुणाचे कान भरतो, कुणाचे कान उपटतो, नको त्या गोष्टीकडे कानाडोळा करतो आणि प्रकरण अंगाशी आले की कानांवर हात ठेवतो. भिंतीलाही कान असतात, असे आपण बजावतो. पण स्वतःच्या कानाच्या आत काय आहे, असे कुणी विचारले तर आपले उत्तर ‘पडदा’ या एका शब्दापाशी थांबते. गेल्या वर्षापर्यंत माझेही उत्तर तेवढेच होते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने शरीरशास्त्रात नाक कशाला खुपसावे, असे कुणी म्हणेल. परंतु मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘संवेदन’ नावाचे प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणाने माझ्या घरातील एक जुने कोडे सोडविले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर इचलकरंजीचे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे सारे गावच मागांचे झाले. माझे वडील, अण्णा, सव्वीस वर्षे मागावर आहेत. बारा तासांची पाळी करून ते घरी येतात. आईने हाक मारली तर ‘ओ’ देतात, पण तिने काही सांगितले तर भलतेच उत्तर देतात. आम्ही भावंडे हसायचो. सोयीचे तेवढेच ऐकायचे, अशी अण्णांची रीत आहे, असे मी मित्रांनाही सांगत असे.

द्वितीय वर्षाच्या फीची शेवटची मुदत सात तारखेची होती. तसे मी अण्णांना चांगले मोठ्याने सांगितले होते. सात तारीख गेली. आठ तारखेला सकाळी अण्णांनी मालकाकडून उचल घेतली आणि ते घामाघूम होऊन, पैसे हातात घेऊन, मला शोधत कॉलेजच्या फाटकाशी आले. दंड भरावा लागणार म्हणून मी चिडलो आणि मित्रांसमोर त्यांच्यावर ओरडलो. ते एवढेच म्हणाले, “आठ म्हणालास न्हवं तू?” मी काही बोललो नाही. हे ‘आठ’ कुठून आले, ते मला पुढे कानाची रचना शिकल्यावर समजले.

बाह्यकर्ण आणि मध्यकर्ण

अभ्यासाच्या सोयीसाठी कानाचे तीन भाग करतात : बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण. ज्याला आपण व्यवहारात कान म्हणतो ती कूर्चेची पाळी आणि तिच्यापासून आत जाणारी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नळी मिळून बाह्यकर्ण होतो. नळीच्या शेवटी कर्णपटल, म्हणजे कानाचा पडदा, ताणून बसविलेला असतो. नळीत तयार होणारा मळ हा खरे तर कानाचा रखवालदार होय. तो धूळ आणि किडे अडवतो व बहुधा आपोआप बाहेर सरकतो. काडी घालून आपण तो उलट आतच ढकलतो.

ही नळी केवळ वाट नव्हे. एका टोकाला बंद असलेल्या पोकळ नळीत हवा विशिष्ट स्वराला जास्त साथ देते, हे बाटलीत फुंकर घालून पाहणाऱ्यास ठाऊक असते. कानाची नळी सेकंदाला साधारण ३,००० कंपनांच्या आसपासचे आवाज वाढवून पडद्यापर्यंत पोहोचवते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचा संबंध पुढे येणार आहे.

कर्णपटलाचा व्यास नऊ-दहा मिलिमीटर आणि जाडी एक दशांश मिलिमीटर. त्याच्या पलीकडे हवेने भरलेली छोटी पोकळी आहे, तोच मध्यकर्ण. त्यात तीन चिमुकली हाडे एकमेकांना जोडलेली असतात. आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे आहेत. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड होय; त्याची उंची जेमतेम तीन मिलिमीटर. या पोकळीतून घशाच्या वरच्या भागाकडे एक नळी जाते. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब ती सारखा ठेवते. घाटात एस.टी. चढू लागली की कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते सुटतात. ते या नळीचे तोंड उघडल्यामुळे.

आता प्रश्न असा की, ही तीन हाडे हवीतच कशाला? पंचगंगेत बुडी मारली की काठावरच्या मित्राची हाक अगदी क्षीण होते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की बहुतेक सगळा परत फिरतो, अत्यल्प भाग आत शिरतो. अंतर्कर्ण हा द्रवाने भरलेला आहे. म्हणजे आपल्या श्रवणाचे खरे इंद्रिय कायमचे पाण्याखाली बुडालेले आहे! तेथे आवाज पोहोचवायचा तर त्याचा जोर वाढवायला हवा. मोठ्या पडद्यावर पडलेला दाब ही हाडे रिकिबीच्या लहानशा तळव्यावर एकवटतात. पडद्याचे काम करणारे क्षेत्रफळ त्या तळव्याच्या सुमारे सतरा पट आहे. त्यात हाडांच्या तरफेची भर पडून दाब वीस पटींहून अधिक होतो. टाचणीचे टोक सहज रुतते आणि बोट रुतत नाही, त्यातलाच हा प्रकार.

अंतर्कर्ण

रिकिबीचा तळवा एका अंडाकृती खिडकीत बसलेला असतो. खिडकीपलीकडे, कवटीच्या अत्यंत कठीण हाडात, अंतर्कर्ण आहे. त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या बुडाशी असलेल्या दोन पिशव्या शरीराचा तोल सांभाळतात. गरगर फिरून थांबल्यावरही जग फिरताना दिसते, ते त्या नलिकांतील द्रव लगेच थांबत नाही म्हणून. कान नुसता ऐकण्यासाठी नाही, उभे राहण्यासाठीही आहे.

ऐकण्याचे काम त्यांच्या शेजारच्या शंखिकेचे. गोगलगाईच्या शंखासारखे सुमारे अडीच वेढे असलेली ही नळी उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्या आत लांबीभर एक पापुद्रा पसरलेला आहे. तो खिडकीजवळ अरुंद आणि ताठ, तर शेंड्याकडे रुंद आणि सैल आहे. त्यामुळे बारीक, उंच स्वर खिडकीजवळच्या भागाला हलवतात आणि जाड, खालचे स्वर शेंड्याकडच्या भागाला. हंगेरीत दूरध्वनी संशोधनशाळेत काम करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या शंखिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहून या पापुद्र्यावरून धावणारी लाट दाखवून दिली. त्याबद्दल त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्यात, शंखिका ही गुंडाळून ठेवलेली पेटी आहे आणि तिच्यात प्रत्येक स्वराची जागा ठरलेली आहे.

या पापुद्र्यावर केसपेशींच्या रांगा आहेत. इटलीच्या आल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ साली या रचनेचे वर्णन केले. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर अतिसूक्ष्म केसांचा झुपका असतो. लाट आली की झुपका झुकतो, पेशीत विद्युतबदल होतो आणि मज्जातंतूमार्फत संदेश मेंदूकडे निघतो. एका कानात आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार पेशी. आतल्या पेशी मेंदूला बातमी देतात, तर बाहेरच्या पेशी स्वतः आखडून-प्रसरून क्षीण आवाजाला जोर देतात. १९७८ मध्ये डेव्हिड केंप यांनी तर असे दाखविले की, निरोगी कान स्वतःच अत्यंत मंद आवाज बाहेर टाकतो. आज त्याच आवाजाच्या आधाराने नवजात बाळाचे कान तपासता येतात.

दोन कानांत मिळून तीसएक हजार केसपेशी. संसार चालवायला ही पुंजी फारच थोडी. त्यातही मेख अशी की, जन्मानंतर माणसात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. कोंबडीसारख्या पक्ष्यांत त्या पुन्हा उगवतात, हे १९८८ साली सिद्ध झाले. निसर्गाने पाखरांना जे दिले ते आपल्याला मात्र दिले नाही.

गवत आणि पायवाट

हिरवळीवरून एखादा माणूस चालून गेला तर दबलेले गवत दुसऱ्या दिवशी उभे राहते. रोज शेकडो पावले पडू लागली की पायवाट होते आणि तेथे पुन्हा गवत उगवत नाही. केसपेशींचे असेच आहे. एखाद्या दिवशीच्या गोंगाटानंतर कानात गुणगुणते, ऐकू कमी येते आणि रात्रीच्या विश्रांतीनंतर सुधारते. रोजच गोंगाट झाला तर पेशी मरतात.

आवाजाची तीव्रता डेसिबेलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. दर १० डेसिबेलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. कानाच्या रक्षणासाठी आज पुष्कळ ठिकाणी मानला जाणारा हिशेब असा : ८५ डेसिबेलमध्ये दिवसाला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मी. या हिशेबाने १०० डेसिबेलमध्ये केवळ पंधरा मिनिटे मिळतात. धोट्याच्या साध्या मागांची शेड याच आकड्याच्या आसपास असते. पंधरा मिनिटांच्या जागी बारा तास, आणि तेही सव्वीस वर्षे!

गोंगाटाचा घाव सर्वप्रथम ४,००० कंपनांच्या आसपासच्या जागी बसतो. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. कानाच्या नळीने वाढवलेले स्वर याच टापूत मार करतात, हे त्यांपैकी एक. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट ती हीच. आता भाषेकडे वळू. आपल्या बोलण्यातील स्वर, म्हणजे आ, ई, ओ वगैरे, हे खालच्या पट्टीतले आणि जोरकस. स, श, फ, त, ठ ही व्यंजने मात्र क्षीण, आणि त्यांची ओळख बरीचशी वरच्या पट्टीत असते. तो टापू गेला की माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. सात, आठ, हात, भात, ताट, पाठ या साऱ्यांतून कानात उरतो तो एक लांबलचक ‘आ’. बाकीचे मेंदू अंदाजाने भरून काढतो. बोलणे तारखेचे चालले होते म्हणून अण्णांच्या मेंदूने ‘हात’ किंवा ‘भात’ न घेता ‘आठ’ घेतले. ती चूक दुर्लक्षाची नव्हती. उलट, उरलेल्या थोडक्या आवाजातून अर्थ लावण्याची ती शिकस्त होती.

हे प्रकरण वर्गात शिकत असताना मला कॉलेजचे फाटक आठवत होते. पुढच्या सुट्टीत मी अण्णांना कानाच्या तपासणीसाठी घेऊन गेलो. तेथे काढलेल्या आलेखाची रेषा खालच्या स्वरांना बरीचशी सरळ होती आणि ४,००० पाशी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. दोन्ही कान सारखेच. तपासणाऱ्या बाईंनी समजावून सांगितले की, श्रवणयंत्राने मदत होईल, पण यंत्र आवाज मोठा करते, मेलेल्या पेशी जिवंत करीत नाही. परतताना अण्णा म्हणाले, “मला वाटायचं, तुम्ही लोकंच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता.”

आपण काय करावे?

प्रथम, मोठ्याने ओरडू नये. ओरडण्याने स्वर मोठे होतात, हरवलेली व्यंजने फारशी परत येत नाहीत. चेहरा मात्र रागावलेला दिसतो. समोर, उजेडात उभे राहून, सावकाश बोलावे. एखादे वाक्य कळले नाही तर तेच पुन्हापुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे. आकडा असेल तर बोटांनी दाखवावा किंवा लिहून द्यावा.

दुसरे, गोंगाटात काम करणाऱ्यांनी कानात कापसाचा बोळा घालून निर्धास्त राहू नये. त्याने फारच थोडे संरक्षण मिळते. नीट बसणारी कानबुचे किंवा कानांवर बसणारी झाकणे यांचा खरा उपयोग होतो. यंत्रे व्यवस्थित ठेवून मूळ आवाज कमी करणे हे त्याहून श्रेयस्कर.

तिसरे आपल्यासाठी. मागावरच्या कामगाराला पोटासाठी गोंगाट सोसावा लागतो. आपण मात्र तो हौसेने कानात घालून घेतो. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे नाचताना आणि रात्र-रात्र इअरफोन लावताना खर्च होते ती तीच, पुन्हा न भरणारी पुंजी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांनी ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपेक्षा जास्त ऐकू नये. आवाज वाढवला की हे तास झपाट्याने कमी होतात.

यंदा तृतीय वर्षाच्या फीची तारीख मी अण्णांना समोर बसून सांगितली आणि दोन्ही हातांची बोटे मोजून दाखविली. पैसे दोन दिवस आधीच मिळाले. फाटकाशी झालेल्या प्रकाराबद्दल मात्र मी त्यांची क्षमा अजून नीट मागितलेली नाही. चार शब्द तोंडात येतात आणि ते त्यांना स्पष्ट ऐकू जातील की नाही, या विचाराने तेथेच अडतात. अण्णांना वाचता येते. हा अंक छापून आला की मी तो त्यांच्या हातात देणार आहे.

आपल्या घरात कुणी ‘मुद्दाम ऐकत नाही’ असे आपणांस वाटत असेल, तर त्याच्यावर चिडण्यापूर्वी एकदा त्याचे कान तपासून घ्यावेत. एवढे या लेखाने घडले तरी लेखनाचा हेतू सफल झाला, असे मी समजेन.