आवाज अडकतो तेव्हा घशात काय घडते?

घसा बसणे आपल्याला नवीन नाही. मळणीची धूळ, थंडीतील पडसे, बाजारातील ओरडाओरड, यांनी आवाज बसतो आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा सुटतो. पण काही माणसांचा आवाज महिनोन्‌महिने अडकत, तुटत, थरथरत येतो. घसा दुखत नाही, ताप नाही, तरी शब्द बाहेर पडत नाही. अशा वेळी घरचे म्हणतात, "ढोंग करतो" किंवा "मनाला लावून घेतले आहे." कोणी बाहेरची बाधा म्हणून गंडेदोरे करतात. हा रोग स्वरतंतूंच्या पेटक्यांचा असू शकतो. डॉक्टर त्याला 'स्पॅस्मोडिक डिस्फोनिया' म्हणतात.

प्रथम निरोगी घशाचे काम पाहू. श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वरयंत्र असते व त्यात दोन स्वरतंतू असतात. पाटाचे पाणी वाफ्यात सोडताना आपण दारे उघडतो आणि बंद करतो, तसेच हे तंतू हवेचे दार आहेत. श्वास घेताना ते दूर होतात. बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातील हवेने थरथरतात. पुरुषांत ही थरथर सेकंदाला साधारण 100 ते 125 वेळा व स्त्रियांत सुमारे 200 वेळा होते. तोच आपला आवाज. दार केव्हा, किती लावायचे, याचा हुकूम मेंदूकडून मज्जातंतूंच्या वाटे येतो.

या रोगात दार शाबूत असते, हुकूम चुकतो. मेंदूच्या खोल भागातील, हालचालींना शिस्त लावणारी केंद्रे व त्यांच्याशी जोडलेले भाग यांचे काम बिघडते. मग पोटरीत गोळा यावा तसा स्वरयंत्राच्या स्नायूंना बोलताना मध्येच पेटका येतो. त्याचे मुख्य प्रकार दोन :

1. तंतू गच्च मिटतात. हाच प्रकार अधिक आढळतो. आवाज गळा दाबल्यासारखा, ताणलेला येतो व मध्येच तुटतो. 'आई आली, आजी आली' अशी स्वरांनी सुरू होणारी वाक्ये विशेष जड जातात.

2. तंतू अवेळी उघडतात. हवा निसटते आणि आवाज फुसका होतो. 'काका पपई कापतात' अशा वाक्यात हा दोष उघडा पडतो.

काहींत दोन्ही प्रकार एकत्र असतात.

नवल असे की, हाच माणूस हसताना, रडताना किंवा कुजबुजताना पुष्कळदा मोकळा असतो. गाणेही काहींना बोलण्यापेक्षा सोपे जाते. याचमुळे लोक त्याला ढोंगी समजतात. खरे पाहता पेटका विशेषतः बोलण्याच्या कामाशीच बांधलेला असतो. फोनवर बोलताना किंवा मनावर ताण असताना त्रास वाढतो. पण ताण हे रोगाचे मूळ नव्हे. रोग बहुधा 30 ते 50 वर्षांच्या वयात सुरू होतो आणि स्त्रियांत अधिक दिसतो. तो संसर्गजन्य नाही व जिवावर बेतणारा नाही.

1871 साली लुडविग ट्राउबे या जर्मन वैद्यांनी याचे वर्णन केले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे तो मनाचा रोग मानला गेला. 1976 मध्ये अमेरिकेतील डॉ. डेडो यांनी स्वरयंत्राकडे जाणारा एका बाजूचा मज्जातंतू कापून पाहिला. आवाज सुटला, पण पुष्कळांना त्रास पुन्हा झाला. 1984 पासून डॉ. ब्लिट्झर यांनी बोटुलिनम विषाची अत्यल्प मात्रा स्वरयंत्राच्या स्नायूत टोचण्यास सुरुवात केली. हे विष मातीत राहणाऱ्या एका जंतूचे. हाडे चघळणाऱ्या जनावरांना त्याच विषाने लुळेपणा येतो. मोजक्या मात्रेत मात्र ते पेटका सैल करते. गुण साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा टोचावे लागते. टोचल्यावर काही दिवस आवाज फुसका होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. तेव्हा लहान घोट घ्यावेत. रोग समूळ जात नाही, पण माणूस कामाला लागतो. अमेरिकेतील रेडिओ-निवेदिका डायन रीम यांना 1998 मध्ये हाच रोग असल्याचे निदान झाले. उपचार घेत त्यांनी 2016 पर्यंत आपला कार्यक्रम चालविला.

आता आपण काय करावे?

आवाज तीन आठवड्यांहून अधिक बिघडलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तंबाखू, विडी किंवा दारू घेणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये. तेथे कर्करोगाची शंका आधी दूर केली पाहिजे. गिळताना अडकणे, थुंकीत रक्त, गळ्यात गाठ किंवा धाप असल्यास त्वरित जावे. डॉक्टरांना घसा बोलता-बोलता दुर्बिणीतून पाहावा लागतो, कारण गप्प बसलेल्या घशात दोष दिसतच नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वाचा-उपचार तज्ज्ञांचाही सल्ला मिळू शकतो.

आणि घरच्यांनी रोग्याचे वाक्य स्वतः पुरे करू नये, "जोरात बोल" म्हणून दटावू नये. जोर लावल्याने अडकलेले दार अधिकच घट्ट बसते. त्याला वेळ द्या. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका.